भरताची वांगी आणि समुद्र

आमच्याकडे नदीवर जायचं म्हणजे भरीत भाजायलाच जायचं. हिवाळा लागला, भरताची मोठी हिरवी वांगी बाजारात आली, की बहादरपुरातले निम्मे लोक कपाशीच्या वाळक्या काड्या घेऊन तापीच्या वाळूत. काड्या पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची, बाकीच्यांनी पाण्यात डुंबायचं आणि घरच्या सुनेनं वांगी उलटीसुलटी करत बसायचं. ही सून म्हणजे मी. लग्न झाल्यापासून मीच.

यंदा लेकीला सुरतेत नोकरी लागली. तिला भेटायला जाऊ तेव्हा समुद्रही बघू, असं ठरलं. झालं, ह्यांनी सगळ्यात आधी गाडीच्या टपावर काड्यांचा भारा बांधला. मी म्हटलं, "अहो, समुद्रावर कोणी भरीत भाजतं का?" तर म्हणे, "का? तिथं वाळू नाही का?" आता ह्या माणसाशी कोण डोकं लावणार. सासूबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळून डब्यात भरल्या, मी मुकाट्यानं वांगी पिशवीत भरली.

मला काय हवं होतं ते सांगते. मला समुद्रात पोहायचं होतं. माहेरी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मी तापीत पोहायला शिकले. मग भोपळा सुटला, आणि मग लग्न झालं. सासरी कोणाला बोलले नाही. सुनेनं असं सांगायचं तरी कधी, पोळ्या लाटताना? पण समुद्र म्हटल्यावर मनात पक्कं केलं होतं, गुडघे शाबूत आहेत तोवर एकदा शिरायचंच.

समुद्र दिसला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच चपला काढल्या. मग हे पुढं झाले, ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरली आणि असं काही तोंड केलं की लेक हसून हसून खालीच बसली. समुद्र खारा असतो हे शाळेत सगळेच शिकतात, पण सवय नदीची.

भरतासाठी ह्यांनी पाण्याला लागूनच जागा धरली. तापीवर आम्ही असंच करतो. ओली वाळू घट्ट असते, राख उडत नाही, भांडी धुवायला पाणी हाताशी. लेक तिच्या अर्ध्या हिंदीत म्हणाली, "पप्पा, इधर नको. पानी ऊपर आता है, सच्ची." ह्यांनी आभाळाकडे पाहिलं. "वरती पाऊस कुठं झालाय? पाणी काय असंच वाढतं?" सासूबाईंनीही मान डोलावली. पाणी कसं चढतं हे तापीकाठच्या माणसाला कोण शिकवणार.

काड्या पेटल्या. "तू वांगी बघ, आम्ही आलोच," म्हणून बापलेक पाण्यात गेले. मी धुरात. शेजारी चटईवर सासूबाई, पुऱ्यांचा डबा मांडीशी घेऊन. मला इतका राग आला होता की एक वांगं जरा जास्तच जोरात टोचलं गेलं. एवढ्या लांब येऊन पुन्हा जाळापाशीच बसायचं होतं, तर घर काय वाईट होतं.

थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी जवळ आलं का?"

"नाही हो आई, तुम्हाला वाटतंय."

एवढं म्हणेस्तोवर एक लाट आली आणि काड्या चर्र करून विझल्या. दुसरी आली ती वांगी घेऊनच गेली. सासूबाई डबा डोक्यावर धरून वर गेल्या. मी चटई ओढून वर फेकली आणि वांग्यांच्या मागं धावले. एक हाती लागलं, ते अजून गरम होतं, सुटलं. बाकीची लाटांवर मजेत डुलत होती. पाणी कमरेला लागलं तेव्हा मी वांग्यांना म्हटलं, जा बाई तुम्ही. पदर खोचला आणि अंग झोकून दिलं.

काय सांगू तुम्हाला. पाणी असं उचलून धरत होतं, नदीनं इतकं कधी धरलं नाही. नाकातोंडात मीठ, डोळ्यांची आग, आणि मी हसतेय. फार आत गेले नाही, काठाकाठानंच पोहले. पण हात काही विसरले नव्हते.

उभी राहिले तर समोर हे, गुडघाभर पाण्यात, आ वासून.

"तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंत?"

लेक टाळ्या वाजवत होती. मी मात्र काठावरच्या सासूबाईंकडे पाहिलं. भरीत समुद्रात, सून चारचौघांत ओलीचिंब. आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

सासूबाई सावकाश खाली आल्या. पुऱ्यांचा डबा त्यांनी ह्यांच्या हातात दिला. "धर. वर जाऊन बैस, कुत्रं येईल." मग नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मलाही येतं."

"काय, आई?"

"पोहणं. माझंही माहेर तापीवरच. इथं आले तशी जाळापाशी बसले. मग तू आलीस, तर तुझ्या शेजारी."

इतके हिवाळे आम्ही दोघी एकाच धुरात बसलो होतो, समोर नदी वाहत होती, आणि दोघींनाही पोहता येत होतं.

मी आधाराला हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही.

"सोड गं, येतं म्हटलं ना," म्हणाल्या आणि समोरच्या लाटेत शिरल्या.