चाकणच्या भट्टीवर हरवलेली तुपाची बिस्किटं

शनिवारी चाकणला गेलो ते फिरायला नाही, आईला अडवून धरायला. उदगीरकडे गावी राहणाऱ्या माझ्या भावाने आईची गाय तिला न विचारता विकून टाकली. आई त्याच्याशी कडाकडा भांडली, शेवटचं लोणी कढवलं आणि तुपाची किटली घेऊन माझ्याकडे पुनावळ्याला आली. चप्पल काढता काढताच तिने सांगितलं, "लेकीच्या घरी किती दिवस खावं माणसानं? माझं तूप हाय तोवर ऱ्हाते." तूप संपलं की पुन्हा त्याच भावाकडे, रिकाम्या गोठ्यासमोर बसायला जाणार. भावाचा मला इतका राग आला होता की त्याचे फोन मी नुसते वाजू देत होते.

भातावर ओतत राहिली असती तर किटली महिन्यात संपली असती. म्हणून मी बिस्किटांची टूम काढली. बिस्किटं केली तर तेच तूप दिवाळीपर्यंत पुरेल, असा माझा हिशेब. आई तयार झाली, पण माझ्या छोट्या ओव्हनवर तिचा विश्वास नाही. आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन भट्टीवर जायचं आणि समोर बसून भाजून आणायचं, हीच तिची रीत. तशी लाकडाची भट्टी चाकणच्या बाजारामागे अजून चालू आहे, असं कळलं.

तुम्हीही जाणार असाल तर एक सांगते: तळेगावमार्गे जाऊ नका. आम्ही गेलो. रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांत अधूनमधून रस्ता होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले आपल्यालाच हॉर्न मारतात. इतक्या कंपन्या, इतके कामगार, आणि शिफ्टला जायला हा रस्ता! आई मागच्या सीटवर मांडीत किटली धरून बसली होती. मी खिडकीतून ज्याला त्याला बोलून घेतलं.

भट्टीवर मात्र पोचताक्षणी राग निवळला. भाजक्या वेलचीचा वास, काळेकुट्ट ट्रे, भिंतीलगत आपापल्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायका. मजुरी किलोवर, रोख. मोकळे डबे आपले आपण न्यायचे. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर बसायलाही जागा मिळत नाही. पिठी साखर आणि किटलीतलं सगळं तूप परातीत फेसून फेसून पांढरं होईपर्यंत आई कारागिराच्या हातावर नजर ठेवून होती. भट्टीवर चिठ्ठी नाही, नंबर नाही. घरातल्या एका माणसाने आपल्या ट्रेपाशी बसायचं, बिस्किटं गार झाली की डबे भरायचे. ते माणूस हीच पावती.

आमचं माणूस म्हणून मी नवऱ्याला, महेशला, बसवलं आणि आईला घेऊन मिसळ खायला गेले. मिसळ बरी होती, रस्सा जरा पाणचट. तेवढ्यात महेशला कंपनीतून फोन आला, भट्टीच्या धगीत ऐकू येईना म्हणून आमचे साहेब उठून रस्त्यावर गेले. तोवर कारागिरानेच डबे भरून ठेवले होते, सगळे सारखेच स्टीलचे; परत येऊन समोर दिसले ते तीन त्यांनी उचलले. हे आम्हाला मोशीच्या सिग्नलला कळलं, आईने एक बिस्किट तोडून तोंडात टाकलं तेव्हा.

"हे डालड्याचं हाय," ती म्हणाली. "आपलं न्हवं."

गाडी वळवली. महेश म्हणाला, बिस्किट ते बिस्किट, चवीला चांगलं आहे. त्यानंतर चाकण येईपर्यंत तो काही बोलला नाही, कारण मी त्याला बोलूच दिलं नाही.

भट्टीवाल्याने फोन करून शोध लावला. आमचे डबे आळंदीच्या अलीकडे एका मळ्यात गेले होते, सुमनताई नावाच्या बाईंकडे. तिथे पोचलो तर त्या ओट्यावर उभ्याच होत्या, आमच्याहून जास्त तापलेल्या. आमीच कशाला तुमचे डबे नेऊ, तुमचाच माणूस जागेवर नव्हता, असं त्यांनी सुनावलं. खरं होतं, म्हणून मला जास्तच झोंबलं. आईने डालड्याचं बिस्किट त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं आणि खाली बसल्या.

"व्हय, हे आमचं," त्या म्हणाल्या. "पर तुमचं तर गेलं, मावशी. पोरीच्या सासरी आज बारसं हाय भोसरीला. पोरगा दोन डबे घिऊन गेला. आमी घरात अर्धा ठिवलाय, बाकीचं शेजारच्या वस्तीत वाटलं."

आईने त्यांना तूप कुठलं ते सांगितलं. सुमनताईंनी लगेच फोन काढला, मुलाला डबे घेऊन परत बोलवायला. आईने त्यांचा हात धरला.

"बारशाचे डबे लेकीच्या सासरहून परत आणत्यात का? ऱ्हाऊ द्या."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या घरात कुणाला कळणार होतं कशाचं तूप? मी हे तिथेच बोलून दाखवलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीत जाऊन बसले. सुमनताईंचे डबे त्यांना दिले, आमचा अर्धा डबा घेतला. देहूवरून परत येताना रस्ता मोकळा होता, आणि त्याचाही मला राग आला.

आता लोक विचारतात, ट्रिप कशी झाली. भट्टी चांगली आहे, जरूर जा, फक्त ट्रेपाशी भरवशाचं माणूस बसवा. आई रोज चहाबरोबर दोन बिस्किटं खाते. मला पुढे करते, मी पोट भरलंय म्हणते. त्या बिस्किटांची चव मी अजून घेतलेली नाही. काल महेशने डब्यात हात घातला, तर मी त्याच्या बोटांतून बिस्किट काढून परत डब्यात टाकलं.

आई बघत होती. "खाऊ दे की त्याला," ती शांतपणे म्हणाली. "तू अशी राखत बसलीस तर मी जाऊ कधी?"

मी झाकण गच्च लावलं आणि तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर डबा ठेवून दिला.