ओरडणं चालू, तोवर सगळं ठीक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. नॉर्मंडीतल्या एका बंद पडलेल्या तुरुंगाच्या तिसऱ्या मजल्यावर मारीज गाल्तिए कैद्याच्या कपड्यांखाली तार अडकवायचा कमरेचा पट्टा आवळत होती. वय एक्कावन्न. नट्यांच्या जागी पडणं, घसरणं, उडी मारणं हा तिचा तेवीस वर्षांचा धंदा. हा सिनेमा विनोदी होता. एकाच बेडीत मनगटं अडकवलेल्या दोन कैदी बायका खिडकीतून पळतात आणि खाली धोबीखान्याच्या गाडीत पडतात.

दुसरी बाई होती नादेज, सर्कशीतून नुकतीच आलेली. तिने वर येताच विचारलं, "माझी दोरी कुठाय?" सगळ्यांनी वळून पाहिलं. फ्रान्समध्ये सेटवर 'दोरी' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, अपशकुन मानतात; तार म्हणा, धागा म्हणा. ज्याच्या तोंडून निघाला त्याने सगळ्यांना पाजायचं. "संध्याकाळी तुझ्या खिशाला कात्री," मारीज म्हणाली. नादेज हसली. "तू वाइनच मागवशील, म्हातारे. जरा स्वस्तातली माग."

एरवी काही बिनसलं तर मूठ डोक्यावर ठेवायची, हा ठरलेला इशारा. या प्रसंगात मात्र हातपाय झाडणं, 'वाचवा', 'थांबवा' म्हणून बोंबलणं, सगळं कथेतच होतं. म्हणून उड्यांचा प्रमुख फाब्रिस याने उलटा नियम केला होता. ओरडणं ऐकू येतंय तोवर अंगणातलं यंत्र दोघींच्या तारा सोडत राहणार. आवाज बंद झाला की थांबायचं. अंगणात आवाज इतका घुमायचा की कोण ओरडतंय ते कळत नसे. तरी हा नियम सगळ्यांना पटला होता. मारीजलाही.

गेल्या ऑक्टोबरात ती एका गच्चीवरून चुकीची पडली होती. हाडं जुळली. तेव्हापासून तिचं ओरडणं खरं होतं. पाय सुटले की ते आपोआप निघायचं आणि जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. फाब्रिस म्हणायचा, वयाबरोबर तुझा अभिनय सुधारतोय. ती ते हसण्यावारी न्यायची.

दोघी खिडकीतून निघाल्या. मारीज ओरडली, नादेज ओरडली. दुसऱ्या मजल्यापाशी बेडीला हिसका बसला. मारीजने वर पाहिलं. भिंतीतल्या जुन्या आकड्यात नादेजची कॉलर अडकली होती, तिची तार सैल लोंबत होती आणि चेहरा काळानिळा पडत होता. तोंड उघडं, आवाज नाही. मारीजची तार मात्र खाली जात होती आणि बेडी नादेजला ओढत होती.

खाली लोक हसत होते.

मारीज ओरडतच होती. 'थांबवा' असंही ओरडली. ते तर संवादातच होतं. आपण गप्प बसायला हवं हे तिला कळत होतं, पण घसा ऐकत नव्हता. तिने मोकळा हात तोंडात कोंबला आणि चावला.

अंगण शांत झालं. यंत्र थांबलं. मग फाब्रिसचा आवाज आला, "वर घ्या. दोघींना वर घ्या."

नादेजच्या मानेवर जांभळा वळ उठला होता. श्वास येत होता. रुग्णवाहिकेत बसताना ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आता वाइन तूच पाज."

फाब्रिस मारीजच्या हातावर पट्टी बांधत होता. गप्प व्हायला एवढा उशीर का केलास, असं त्याने विचारलं.

"मला थांबता येईना."

"म्हणजे?"

"मी ओरडते ते नाटक नसतं, फाब्रिस. घाबरते मी. ऑक्टोबरपासून." मोकळ्या हाताने तिने कमरेचा पट्टा सोडला. "उद्या मला वर पाठवू नकोस."

त्याने पट्टीची गाठ मारली. "खाली उभी राहशील? खरं ओरडणं कोणतं ते इथे तुलाच कळतं."

दुपारी भिंतीतले आकडे कापून काढले. उडी उद्या सव्वाआठला आहे. खिडकीत दुसऱ्या दोघी असतील. मारीज अंगणात, यंत्र थांबवायच्या बटणापाशी.