घंटेआधी सापडलेली चूक

प्रा. मुरलीधर भामरे सरांची आणि आमची पहिली ओळख झाली ती अपमानातून. अपमान माझ्या एकटीचा नव्हता, अख्ख्या वर्गाचा होता, एवढाच काय तो दिलासा. सुरतेच्या आमच्या कॉलेजात गणित आणि व्यवसाय व्यवस्थापन असा जोडअभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता, आणि त्याचा पहिला तास सरांचा होता. सरांनी कापडाची किंमत आणि मागणी यांवरचं एक उदाहरण घेतलं, मोत्यासारख्या अक्षरात फळा भरला. आम्ही माना खाली घालून उतरवून घेतलं. घंटा झाली तसे सर म्हणाले, "तिसऱ्या ओळीत चूक आहे. तुम्ही सगळ्यांनी ती सुंदर अक्षरात लिहून घेतलीत. अभिनंदन. उद्या दुकानात असंच कराल, तर दुकान कोणाचं राहील?" आणि डस्टर ठेवून निघून गेले. (वर्गात सर अर्थातच गुजरातीत बोलत. मी इथे मराठीत सांगते आहे, पण टोमणा कुठल्याही भाषेत तेवढाच झोंबतो.)

पुढे कळलं की हा सरांचा रिवाजच. प्रत्येक तासाला एक चूक. कुठे, कधी, ते सांगायचं नाही. घंटेआधी ज्याला सापडेल त्याने उभं राहून म्हणायचं, "सर, चूक." मग सर फक्त एक शब्द विचारत, "कुठे?" आणि हातातला खडू पुढे करत. झालं! आता फळ्यापर्यंत चालत जायचं आणि सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. आपलंच म्हणणं खोटं निघालं तर सर रागावत नसत, खडू परत घेत. पण तो खडू परत देताना तोंड लपवायला जागा सापडायची नाही. तीन वर्षं सरांच्या तासाला मी पाठ टेकून बसले नाही. इतर तासांना लोक झोपा काढत, सरांच्या तासाला आमची नजर फळ्यावरून हटत नसे.

आज हा अभ्यासक्रम भरभरून चालतो म्हणून सांगावं लागतं, त्या वेळी त्याला कोणी विचारत नव्हतं. "धड ना बीकॉम, धड ना बीएस्सी," असं आमच्याच कॉलेजातले प्राध्यापक कँटीनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. सकाळी बीजगणित, दुपारी बाजारपेठ; एकीकडे संख्याशास्त्र, दुसरीकडे कॉस्टिंग. सरांनी हा अभ्यासक्रम हट्टाने उभा केला होता. गणिताला बाजाराची हवा लागली पाहिजे आणि बाजाराला गणिताचा धाक हवा, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या वडिलांनाही ही खिचडी पटत नव्हती. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील कडोदऱ्याला लूमवर कामाला, घर पर्वत पाटियाला, घरात बोली अहिराणी. "साधं बीकॉम कर, नाहीतर बस घरी," असा निर्णय झाला होता. मी सरांना रडत सांगितलं, तर रविवारी सर स्वतः घरी हजर! सरही धुळ्याकडचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आईने चहा ठेवला. सर चहात साखर घेत नाहीत, त्यामुळे तिची जरा पंचाईत झाली. वडिलांनी सरळ विचारलं, "सर, हाऊ कोर्स कशाना शे? हिशोबना का धंदाना?" सर हसून म्हणाले, "दोन्हीना. ज्याले नुसता हिशोब येस, तो दुसराना दुकानमा बसस. ज्याले नुसता धंदा येस, तो सोतानं दुकान बुडावस." वडिलांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जाऊ दे तिले."

आमचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि संकट आलं. कॉलेजच्या ट्रस्टीसाहेबांनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं: या वर्षी बाजारातल्या एका तरी मालकाने आपला एक तरी विद्यार्थी प्रशिक्षणाला घेतला पाहिजे. नाही घेतला, तर अभ्यासक्रम बंद, आणि खालच्या वर्गांतल्या मुलांना साध्या बीकॉमला टाकू. सर मालकांचे उंबरे झिजवत राहिले. बहुतेकांनी पाणी पाजून वाटेला लावलं. शेवटी कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलचे मोठे शेठ म्हणाले, "या, काय ते दाखवा."

रंगाईच्या मशीनचं एक असतं. फिकट रंगामागून गडद घेतला तर चालतं, पण गडद रंगामागून फिकट घ्यायचा तर मध्ये मशीन धुवावं लागतं, त्यात वेळ जातो. कोणाचा माल उशिरा जाऊ द्यायचा नाही आणि धुणं तर कमीत कमी करायचं, तेव्हा कुठला रंग कोणामागून घ्यायचा? प्रश्न घरगुती वाटतो, पण रंग वाढले आणि तारखा आडव्या आल्या की भल्याभल्यांची भंबेरी उडते. सर, मी आणि माझा वर्गमित्र हार्दिक, अशा तिघांनी खपून आठवड्याचा क्रम बसवला होता. मिलचा चांगला दिवसभराचा वेळ वाचत होता.

आम्ही शेठच्या ऑफिसात गेलो. शेठ समोर, शेजारी त्यांचे मॅनेजर, कोपऱ्यात ट्रस्टीसाहेब. सर सुरू करणार तोच मॅनेजर म्हणाले, "क्रीम रंगाचा माल आधी काढावा लागेल, कालच पार्टीचा फोन आला." सरांनी एक क्षण विचार केला आणि उभ्या उभ्या क्रम बदलून बोर्डवर मांडला. शेठ पुढे सरकून ऐकू लागले. बेरीज आली, वेळ वाचतच होता. शेठनी मान डोलावली.

आणि मला ती दिसली. मरूननंतर लगेच क्रीम! मध्ये मशीन धुण्याचा वेळ धरलेलाच नव्हता.

मनात पहिलं आलं ते हे की, मुद्दाम असेल. मग वाटलं, इथे कोण मुद्दाम चूक करेल? म्हणजे खरी आहे. बोलले तर सरांची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या हाताने बुडणार, खालच्या वर्गांतल्या मुलांचं वर्ष बुडणार. नाही बोलले तर शेठ खोट्या आकड्यावर हो म्हणणार. हार्दिकनेही पाहिलं होतं. त्याने माझ्या पायावर पाय दाबला आणि कुजबुजला, "बेसी रे!" म्हणजे बसून राहा. शेठ मॅनेजरला म्हणत होते, "तो सोमवारथी शरू करीए?" मी उभी राहिले. कशी, ते मला अजून सांगता येत नाही.

"सर, चूक."

सर वळले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "कुठे?" म्हणाले, आणि हातातला मार्कर पुढे केला.

मी गेले. अक्षर कुत्र्यामांजराच्या पायांसारखं आलं. धुण्याचा वेळ मिळवला तशी वाचलेल्या वेळाची पार रया गेली, कसाबसा एखादा तास उरला. शेठ मागे टेकले. "तो पछी फायदो क्यां?" मग फायदा कुठे?

तेवढ्यात ट्रस्टीसाहेब हसत पुढे आले. "शेठ, ही तर भामरे साहेबांची पद्धत आहे! मुद्दाम चूक ठेवतात, मुलं किती तयार आहेत ते दाखवायला." शेठचे डोळे चमकले. "वाह! साहेब, खरेखर?"

सरांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, हो म्हणा. एकदा हो म्हणा.

"नाही, शेठ," सर म्हणाले. "वर्गात मुद्दाम करतो. आत्ता खरंच चुकलो. हिने पाहिलं म्हणून तुमचं क्रीम वाचलं."

"जोईशुं," एवढंच शेठ म्हणाले. म्हणजे बघू. बाजारात त्याचा अर्थ नाही असा होतो, हे आम्हाला तीन वर्षांत चांगलं कळलं होतं.

ट्रस्टीसाहेब आपल्या गाडीने निघून गेले. आम्ही हायवेवरच्या टपरीवर उभे राहिलो. हार्दिक माझ्याशी बोलेना. मग फुटलाच: "एक मिनिट गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मला रडू आवरेना. सर टपरीवाल्याला म्हणाले, "माझ्यात साखर जरा जास्त टाका, नेहमीसारखी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडतेस कशाला? मार्कर मीच पुढे केला होता ना? तू बसून राहिली असतीस, तर मी इतकी वर्षं काय शिकवलं, असा प्रश्न मला पडला असता."

पुढचे दिवस वाईट गेले. खालच्या वर्गातली मुलं मला पाहून टेबल बदलत. वडील रोज विचारत, "काय झायं, पोरी?" आणि मी मान हलवी. सरांचे तास मात्र चालूच होते, रोजची चूकही चालूच होती. एकदा मला ती दिसली आणि मी उठलेच नाही. पुन्हा तोंड उघडायची छातीच होत नव्हती. घंटेची वेळ आली. सर फळा पुसेनात. फळ्याकडे तोंड करून, खडू हातात धरून तसेच उभे. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटी मी उठले. "सर, चूक." सर वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "कुठे?" तो खडू मी आयुष्यात विसरणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऑफिसात शेठचा फोन आला. सरांनी मला बोलावून निरोप जसाच्या तसा सांगितला: "क्रम पुन्हा बसवून हवा, धुण्याचा वेळ धरून. अने पेली छोकरीने मोकलो, जे साहेबने पण ना पाडे." साहेबांनाही नाही म्हणणारी ती मुलगी प्रशिक्षणाला पाठवा! ट्रस्टीसाहेबांना शब्द पाळावा लागला, अभ्यासक्रम वाचला. हार्दिकने दुसऱ्या दिवशी गुपचूप माझ्यापुढे सुरतेच्या लाडक्या नाश्त्याची, लोचोची प्लेट सरकवली. आणि वडील म्हणाले, "तुना सर खरा माणूस शे."

आज मी त्याच मिलचं नियोजन पाहते आणि आठवड्यातून एकदा त्याच वर्गात शिकवायला जाते. प्रत्येक तासाला एक चूक ठेवते. पण सरांकडून घेण्याची खरी गोष्ट ती नव्हे. चूक ठेवणं कोणालाही जमेल. सगळं पणाला लागलेलं असताना, सुटायची वाट कोणी हातात आणून दिलेली असताना, "खरंच चुकलो" म्हणणं मला अजून जमलेलं नाही. प्रयत्न चालू आहे.

सर आता साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त होत आहेत. गौरवग्रंथात शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. पण सर, तुमच्या विद्यार्थिनीने रिवाज मोडला तर तुम्ही मला वर्गाबाहेर काढाल. तेव्हा या लेखात एक चूक ठेवली आहे. मोठी नाही, चहात विरघळेल एवढीच. बाकीच्यांना कदाचित आधीच सापडली असेल, पण खडू मी तुमच्याचपुढे धरून उभी आहे.

सावकाश शोधा. चष्मा पुसा, चहा घ्या, पुन्हा पहिल्यापासून वाचा. तुमचा तास अजून खूप मोठा आहे, सर, आणि या वेळी घंटेची आम्हा कोणालाच घाई नाही.