पोरीची वाकळ

"लेकरू कुठं झोपते?"

घरात पाय ठेवताच बाई पहिलं हेच विचारायच्या. जागा दाखवली की पंखा लावायला सांगायच्या, पिशवी बाजूला ठेवून लेकराच्या वाकळीवर उताण्या पडायच्या आणि छपराकडे पाहत श्वास घ्यायच्या.

परक्या घरात अशी आडवी होणारी बाई तुम्ही पाहिली आहे? आमच्या मुर्री गावात त्या दम्याच्या लेकरांच्या घरी फिरत, आईबापांना समजावत. माझ्या चार वर्षांच्या पोरीची छाती शिट्टीसारखी वाजायची. तरी मला संशय आला तो बाईंचाच. फुकट कोण फिरतो?

मी कामाला होतो त्या राईस मिलमधला सोबती म्हणाला, "कंपनी की एजेंट होगी. पंप की आदत लगाएगी, फिर खरीदते रहो."

बाईंनी बायकोला वापरायला शिकवलेला दम्याच्या औषधाचा पंप मी उचलून फळीवर टाकला.

एकदा मी घरी असतानाच त्या आल्या. आडव्या झाल्या आणि वर बोट दाखवलं. उशीच्या बरोबर वर, खुंटीला माझा मिलमधला शर्ट होता.

"भाऊ, कोंड्याची धूळ पोरीच्या नाकात जाऊन राहिली. शर्ट बाहेर टांगा. आंग धुऊन मंग उचला तिले."

"म्हंजे बापच पोरीले बिमार करून राहिला का?"

"तसं नाही म्हणत. तुम्ही एकदा इथं झोपून पाहा."

"मी पागल आहो का?"

"मी आहो नं! घरोघरी लोळून राहिली," म्हणून त्या हसल्या.

बायकोने शर्ट अंगणात नेला. मी तो रोज आत आणून टांगू लागलो. माझ्या घरातली खुंटी परक्या बाईने का ठरवावी?

एका संध्याकाळी मिलमधून आलो तशी पोरगी गळ्यात पडली. थोड्या वेळाने तिला बोलता येईना. बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. बायकोने मला ढकलून फळीवरचा पंप काढला, नळीला मास्क लावून तोंडावर धरला. "हळू बेटा, हळू." शब्द बाईंचेच होते. श्वास जरा मोकळा होताच दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी मी दार लोटलं, पंखा लावला आणि पोरीच्या वाकळीवर आडवा झालो. छपराच्या कवेलूंच्या फटीतून ऊन येत होतं. त्या उन्हात माझ्या शर्टातून बारीक धूळ उतरत होती, थेट माझ्या तोंडावर.

बाईंना सांगायचं होतं. पण तोवर त्यांचं फिरणं बंद झालं होतं. त्या कुठल्या, कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही पिशवीत काय आहे तेवढंच विचारलं होतं.

पोरगी आता कॉलेजात जाते. मी मिलमधून आलो की आतून ओरडते, "बाबा, आंग धुतलं का?"

हे तिला कोणी शिकवलं, तिला आठवत नाही.