पंजाब मेलची टाच

सावद्याच्या केळीवाल्या टोळ्यांत गुलाबला कोणी गुलाब म्हणत नसे. पंजाब मेल म्हणत. खांद्यावर गोणपाटाची घडी, घडीवर केळीचा घड, आणि गडी मळ्यातून रस्त्यावरच्या ट्रककडे असा सुटायचा की पुढच्यानं मुकाट बाजूला व्हावं. ट्रकला लावलेल्या फळीवरून तो चढू लागला की फळी करकरायची. घड वर देऊन रिकामा उतरताना तर विचारूच नका. धावत यायचा आणि फळी संपायच्या आधीच उडी. धप्पकन चवड्यांवर! तशी ती उडी सगळी टोळीच मारायची, ती रीतच पडून गेली होती. ट्रक भरेपर्यंत फळीच्या पायथ्याशी म्हशीनं लोळावं एवढा खड्डा पडायचा. पण गुलाबची उडी सगळ्यांत लांब. एवढी मस्ती, की आपल्याला टाच म्हणून काही आहे हे या माणसाच्या गावीही नव्हतं.

सत्त्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि टाचेनं स्वतःहून ओळख करून दिली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या मागची जाड शीर अशी आवळायची की गुलाब भिंत धरून दारापर्यंत जायचा. बायको कलाबाई म्हणायची, "दाखवा ना कोणाले तरी." हा म्हणायचा, "चाललो की मोकळा होते." आणि व्हायचाही! मळ्यात दोन-चार फेऱ्या झाल्या की दुखणं पळायचं. संध्याकाळी मात्र ती शीर बोटाएवढी सुजलेली असायची. कलाबाई मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची आणि शेकता शेकता मनसोक्त बोलून घ्यायची.

गुलाबनं मग स्वतःचं डोकं चालवलं. तिथंच सगळं बिघडलं. त्याला वाटलं, ओझ्यानं दुखतंय, तर ओझं कमी करू. तो लहान लहान घड उचलू लागला. पण टोळीत काम कमी कसं दिसू द्यायचं? शेवटी पंजाब मेल ना! मग हलका घड घेऊन तो दुप्पट पळू लागला, फळीवरून दुप्पट वेळा उड्या मारू लागला. पायाला आराम देतोय असंच त्याला वाटत होतं. माणूस आपल्याच हातानं आपलं नुकसान करतो तेव्हा किती मन लावून करतो पाहा.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी फळीच्या मधोमध त्याच्या पायानं जोर द्यायलाच नकार दिला. घड खाली गेला, केळी मातीत विखुरली, आणि गुलाब फळीवर बसून राहिला. मागून येणारा वना कसाबसा थांबला, म्हणून बरं. वना म्हणजे त्याच्या मागचा गडी. टोळी चालायची ती गोल फेऱ्यात: मळा, ट्रक, फळी, पुन्हा मळा. एक थांबला की मागचे सगळे थांबले. मुकादम शालिग्रामनाना आले, मातीतली केळी पाहिली, गुलाबची टाच पाहिली.

"घरी जाय," नाना म्हणाले. "आखाजीले टोळी नव्यानं बांधतो. तवापर्यंत चालला तर तुही जागा तुहीच. नाही चालला तर मले दुसरा पाहा लागीन, बापा. फेऱ्यात लंगडा माणूस नाही चालत."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचे करार होत, तशा टोळ्याही बांधल्या जात. एकदा बांधलेल्या टोळीत मग वर्षभर शिरकाव नसे. गुलाबचा बाप याच टोळीत होता. गुलाबला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं. त्या हिरव्यागार मळ्यातून त्या माणसांच्या ओळीत चालणं, पुढच्याची पाठ, मागच्याची शिवी, एवढाच त्याचा संसार होता. तो घरी येऊन बाजेवर पडला तो पडलाच. महिनाभर पाय हलवला नाही. आणि गंमत पाहा, उठला तेव्हा पाय आधीपेक्षा बोदा! पाण्याची घागर उचलली तरी टाच कुरकुरायला लागली.

कलाबाई प्रमिलाबाईंकडे धुणंभांडी करायची. प्रमिलाबाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची पोरगी इकडे दचकावी. भांडी घासता घासता कलाबाई रडली. बाईंनी विचारलं, हिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी गुलाबला बोलावून घेतलं आणि पायरीवर पालथं झोपवून त्याची शीर दोन बोटांत धरून पाहिली. गुलाब लाजेनं अर्धा झाला.

"मलाही झालं होतं," बाई म्हणाल्या. "खो-खो खेळताना. पुण्याला एका व्यायामोपचारवाल्या डॉक्टरांनी बरं केलं. गुलाबभाऊ, मला सांगा, मोटेचा नाडा कधी तुटतो? भरलेली मोट सावकाश ओढली तर?"

"नाही. बैलानं हिसका देल्ला तर."

"मग? या शिरेला ओझं चालतं, हिसका चालत नाही. तुम्ही ओझं कमी केलंत आणि हिसके वाढवलेत. वर महिनाभर झोपलात. ती बिचारी आणखी अशक्त झाली. आता तिला काम द्यायचं, पण सावकाश."

बाईंनी व्यायाम दाखवला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा अधांतरी. दोन्ही पायांवर वर उठायचं, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच हळू, अगदी हळू, पायरीच्या खाली सोडायची. थोडं दुखलं तर दुखू द्यायचं. फार दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर कमी करायचं. आणि धावणं, उड्या? नावही काढायचं नाही.

घरी पायरी कुठली? गुलाब उंबऱ्यावर चढला तर कलाबाई ओरडली, "उंबऱ्यावर उभं राहातेत का कोणी! उतरा!" मग ओट्याची कड धरली. पण खरी अडचण ओट्याची नव्हती, हळू म्हणजे किती हळू याची होती. पंजाब मेल तो! टाच खाली सोडायची म्हणजे धाडकन सोडायची, हीच सवय. कलाबाई दोन दिवस बघत राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्रिसरण म्हना. विहारात म्हनतो तसं. एक ओळ संपेपर्यंत टाच खाली न्या." आणि ते जमलं. त्रिसरण कोणी घाईनं म्हणतं का? ओळीबरोबर टाच उतरायची, ओळीबरोबर श्वास. शेजारचे सुरुवातीला हसले, "गुलाबचा पंप चालू झाला," म्हणाले, मग त्यांनाही सवय झाली. पुढे बाईंनी खांद्यावर ज्वारीची पिशवी घ्यायला लावली, मग पिशवी मोठी झाली. ओझं वाढत गेलं तशी टाच शांत होत गेली. सकाळी भिंत न धरता तो दारापर्यंत गेला, त्या दिवशी कलाबाईनं बाईंकडची भांडी घासताना काय गाणी म्हटली असतील नसतील!

फाल्गुन सरला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता जरा लवकर. ओझं तेवढंच, पण टाच थोडी चटकन सोडायची. मग आणखी थोडी. एकदम नाही हं." यासाठी त्रिसरण कामाचं नव्हतं. गुलाब नानांची फेऱ्यावरची हाळी पुटपुटायचा, "चाल बेटा, चाल बेटा." वना संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचा आणि नक्कल करायचा. टोळीबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नसे, आणि गुलाबही विचारत नसे.

आखाजी चार-पाच दिवसांवर आली. गल्लीतल्या कडुनिंबाला झोके बांधले गेले, माहेरवाशिणी येऊ लागल्या. प्रमिलाबाईंनी गुलाबला ओझं घेऊन अंगणात चालायला लावलं, पाहिलं, आणि म्हणाल्या, "जा कामावर. भरला घड खुशाल घ्या. पण चालत. फळीवरून उतरतानाही चालत. उडी मारलीत तर माझ्या दारात पाय ठेवू नका."

"बाई, समदे पळतेत. मी चाललो तर मागचे अडकतीन."

"तुम्ही चालत जा," बाई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुलाब मळ्यात हजर. नानांनी ओळीकडे मान हलवली. गुलाबनं चांगला भरला घड खांद्यावर घेतला आणि ओळीत शिरला. मागे वना. आता शिवी येईल, मग येईल, म्हणून गुलाबचे कान मागेच लागलेले. शिवी आली नाही. तो फळीवर चढला, घड दिला, पावलं मोजून टाकावीत तसा खाली उतरला. पुन्हा मळा. पुन्हा फळी. ऊन चढलं, घाम डोळ्यात उतरला, पण टाच हूं की चूं करीना. पुढच्याची पाठ जेवढ्या अंतरावर हवी तेवढ्याच अंतरावर होती. अरे, आपण मागे पडतच नाही! दुपारपर्यंत त्याची छाती फुगली. न पळताही आपण टोळीला पुरतो, कमाल आहे! ट्रकवाला सरदारजी मात्र दर घटकेला येऊन हॉर्न वाजवत होता आणि नानांशी भांडत होता. नाना त्याला म्हणत होते, "हो रहा, भाई, हो रहा."

ट्रक भरला तेव्हा दिवे लागले होते. एरवी तो उन्हं कलायच्या आत निघायचा. दोर बांधले, सरदारजी शिव्या देत निघून गेला. गुलाबनं फळी उचलायला हात घातला आणि कंदिलाच्या उजेडात त्याचं लक्ष खाली गेलं.

खड्डा नव्हता.

फळीच्या पायथ्याशी जमीन सपाट होती. पावलांचे ठसे होते, एकात एक मिसळलेले, पण सगळे चालत उतरलेल्या पावलांचे. दिवसभरात कोणी एकदाही उडी मारली नव्हती. वना नाही, पुढचे नाही, कोणीच नाही. गुलाब फेऱ्याला पुरला नव्हता, तो मागे पडू नये म्हणून अख्खा फेरा त्याच्या पावलानं चालला होता. आणि नाना दिवसभर सरदारजीची बोलणी खात उभे होते.

"वना," तो वळून म्हणाला, "तुम्ही उड्या कायले नाही मारल्या रे?"

वनानं बिडी पेटवली. "फळीले केळीचा चीक लागेल होता, भो. पाय सटकत होता."

गुलाबनं फळीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फळी कोरडी ठणठणीत होती.

"काय हात फिरवतो?" अंधारातून नाना खेकसले. "घरी जाय, झोप. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी उजाडता येजो. तुही जागा वनाच्या पुढं, ध्यानात ठेव."

एवढ्या माणसांचे उपकार एकदम कसे मानतात, हे गुलाबला कोणी शिकवलं नव्हतं. तो फळीवर बसला, त्याच जागी जिथं संक्रांतीला बसला होता, आणि गोणपाटाची घडी तोंडावर धरून हमसाहमशी रडू लागला.

"पाह्यलं का," वना सगळ्यांना ओरडून म्हणाला, "पंजाब मेल रडी राह्यली, भो! उठ रे, चल. आम्ही थांबतो तुह्यासाठी."