खुर्चीची करकर

एका परदेशी गायिकेचा अल्बम सध्या मी सारखा ऐकतेय. गाणी तिनेच लिहिलेली, तिकडच्या गावाकडच्या चालींची, पण सगळी अंधारून आलेली. गिटार सावकाश वाजते आणि तिच्यामागून एक लांबलचक सूर भिंतीतल्या ओलीसारखा पसरत जातो.

काल दुपारी आई मेथी निवडता निवडता ऐकत होती. तिला इंग्रजी येत नाही. मध्येच म्हणाली, "हिची खुर्ची वाजतेय गं."

मी गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खरंच, दोन ओळींच्या मधे लाकूड बारीक करकरत होतं. गायिकेने ते करकरणं काढून का टाकलं नसेल? की गळ्याइतकंच तेही तिला गाण्यातलंच वाटलं असेल?

"उठायला बघतेय ती," आई म्हणाली, "पण उठवत नाहीये."

बाबा गेल्यावर आईही खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून राहायची. मी स्वयंपाकघरातून कानोसा घ्यायचे. खुर्ची करकरली की वाटायचं, आता उठेल. मग पुन्हा सगळं शांत. आपला हा आवाज कुणी ऐकत होतं, हे तिला ठाऊक असेल का?

शेवटचं गाणं संपलं. गिटार थांबली, खुर्ची एकदा जोरात करकरली आणि पावलं दूर गेली.

आईचा मेथीतला हात थांबला.

"उठली बघ," ती म्हणाली. "आता चहा टाकेल."