बाबारावांना मिळालेली परवानगी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला आपणही काहीतरी झालो असं वाटायला लागलं. गोल बाजारात स्टीलचे डबे विकणारे रातोरात राजधानीतले व्यापारी झाले. आमच्या मराठी मंडळाच्या पाटीवर तर ‘राज्यस्तरीय’ हा शब्द राज्य नीट उभं राहायच्या आत रंगवून झाला. आमचे शेजारी बाबाराव तेवढे होते तसेच राहिले, म्हणजे रुसलेले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला हा माणूस लग्न झाल्यापासून रुसलेला होता आणि कशासाठी, ते सगळ्या मोहल्ल्याला पाठ होतं.

तरुणपणी बाबाराव मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांमध्ये बायकांची कामं करायचे. त्या काळी घरच्या मुली स्टेजवर जात नसत, म्हणून मिशी न फुटलेल्या पोरांनाच लुगडं नेसवून उभं करत. त्यात बाबारावांची सर कुणाला नव्हती, असं बाबाराव सांगतात. त्यांना बघायला लोक सायकलवरून यायचे. मी सून म्हणून इथे आले तेव्हा हे लोक दुर्गहून यायचे, आता त्याहून लांबच्या राजनांदगावहून येतात.

मग अकोल्याहून पद्मिनीकाकू लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच गणपतीत त्यांनी सांगून टाकलं की पुन्हा लुगडं नेसलात तर मी माहेरी जाईन, मला लाज वाटते. बाबारावांनी लुगडं सोडलं. कलेचा त्याग केला म्हणे. त्याग गुपचूप करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, कारण पुढे तीस वर्षं आम्ही तो रोज संध्याकाळी ओट्यावर ऐकला.

अशात मुंबईहून पिक्चरवाले आले. जुन्या नाटक कंपनीवरचा प्रेमाचा विनोदी पिक्चर. हीरो स्टेजवर नायिका होतो आणि मालकाच्या मुलीवर प्रेम करतो, आणि त्या मुलीला बघायला आलेला मुलगा नेमका हीरोवरच भाळतो. पुरानी बस्तीतल्या ज्या गल्ल्यांची राजधानीला लाज वाटत होती, त्याच डायरेक्टरला फार आवडल्या. अडचण होती ती हीरोची. विकी नावाच्या त्या मुलानं जिममध्ये दंड कमावले होते आणि लुगडं नेसून तो खांद्यावर गॅसचं सिलिंडर घेतल्यासारखा चालायचा.

मंडळानं डायरेक्टरला बाबारावांकडे पाठवलं. त्याची मागणी अशी की बाबारावांनी विकीला चाल शिकवावी आणि पिक्चरमध्ये एका म्हाताऱ्या नटाचा छोटासा प्रवेश लुगडं नेसून स्वतः करावा. बाबारावांना एवढंच हवं होतं, मरायच्या आधी एकदा. पण बायकोला विचारायची हिंमत या कलावंतात नव्हती. त्यांनी मला पाठवलं. मला जणू घरात कामं नव्हती.

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हव, शिकवा म्हनाव. पन नेसायचं नाही.”

मग सुरू झाली तोंडी शिकवणी. बैठकीत पँट-शर्टातले बाबाराव खुर्चीवर, समोर विकी, आणि विकीच्या अंगावर माझं चांगलं लुगडं, कारण काकूंनी स्वतःचं दिलं नव्हतं. खांदा पाड, पाऊल उचलू नको, सरकव, असं बाबाराव बसल्या बसल्या सांगत. विकी “हाँ अंकल” म्हणे आणि काष्ट्यात पाय अडकून सोफ्यावर कोसळे. बाबारावांचे हात नुसते शिवशिवत होते. माझ्या लुगड्याची किनार उसवली, त्याचं कुणाला सुतक नव्हतं.

काकू रोज स्वयंपाकघराच्या दारातून हे बघायच्या. एके दुपारी विकी टीव्हीवर पडता पडता वाचला आणि त्यांचा धीर सुटला. बाहेर येऊन त्यांनी त्याच्या अंगावरचं लुगडं उतरवलं आणि बाबारावांना उठायला सांगितलं. बाबाराव उठले. काकूंनी पँटवरूनच त्यांना तेच लुगडं नेसवलं, काष्टा खोचला, पदर काढला. मग म्हणाल्या, “दाखवा त्याले.”

बाबाराव टीव्हीपासून दारापर्यंत चालले. गुडघे दुखत होते, पोट सुटलेलं, डोक्यावर टक्कल. तरी दारापाशी वळून त्यांनी मान जराशी कलती केली आणि मला कुणी तरी बाईच आल्याचा भास झाला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. त्या दिवशी मी टाळी वाजवली.

“आता लाज नाही वाटत तुले?” बाबारावांनी विचारलं.

“लाज मले कधीच नव्हती.” काकू खाली बसल्या. लग्नात मंडळाच्या मित्रांनी बाबारावांचा राणीच्या वेशातला मोठा फोटो भेट दिला होता आणि कौतुकानं मांडवाच्या तोंडाशीच मांडला होता, ते त्यांनी सांगितलं. “साऱ्या बाया त्या फोटोपाशी. माह्या सख्ख्या मावशीनं इचारलं, हे पोट्टी कोनाची होय, आमच्या मारोतीसाठी सांगा. अन् मी तिथंच नवरी होऊन बसली होती. माह्याकडे कोनी पाहून नाही राहिलं होतं.”

बाबारावांनी विचारलं की असं होतं तर आज काहून नेसवलं.

“आता कायचं भेव? पाहा ना आरशात.”

बाबारावांनी आरशात पाहिलं. एवढ्या वर्षांनी परवानगी हातात आली होती आणि त्यांचं तोंड पार उतरलं होतं. काकू उठल्या, त्यांच्या खांद्यावरचा पदर त्यांनी सारखा केला आणि विकीकडे वळून हिंदीत म्हणाल्या, “बेटा, ये मेरे से बहुत सुंदर थे.”

बाबाराव लुगड्यासकट सोफ्यावर बसले आणि रडले. नाटकात ते फार सुंदर रडायचे म्हणे. हे तसं नव्हतं, नाक गळत होतं, आणि काकू माझ्याच लुगड्याच्या पदरानं ते पुसत होत्या.